मुलाखत: ‘एकदम चार कामं अंगावर आली तर?’ याला काय सांगावं?

नवी_उमेदवार: पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, दीड वर्षाचा अनुभव. कामाचा ताण आणि टीमवर्क यांवर हमखास विचारतात म्हणे. ‘मी प्राधान्यक्रम ठरवते’ म्हटलं की माझी गाडी तिथंच अडते. पुढं काय बोलावं?

फाईलवाला: तो कसा ठरवता, एवढंच तर त्यांना ऐकायचं असतं. आकडे घालून बोला. समजा मीटिंगा, फोन वगळून दिवसाचे साडेपाच तास हातात उरतात. तीन कामं आहेत: दोन तासांचं, दोन तासांचं आणि साडेतीन तासांचं. बेरीज साडेसात, म्हणजे दोन तास कमी. आता दोन गोष्टी बघायच्या: कोणतं काम रखडलं तर दुसऱ्या कुणाचं अडतं, आणि कोणती तारीख खरंच पक्की आहे. बऱ्याच ‘अर्जंट’ तारखा नुसतं विचारलं तरी एक दिवस पुढं सरकतात.

मग साहेबांना सकाळीच सांगायचं: ‘पहिली दोन आज होतील, तिसरं उद्या दुपारपर्यंत. तिसरं आजच हवं असेल तर दुसरं कुणाकडे तरी द्यावं लागेल.’ हेच संध्याकाळी पाचला सांगितलं तर ती तक्रार होते, कारण तोवर त्यांच्याही हातात काही उरलेलं नसतं.

आणि ‘मी सगळं मॅनेज करते’ अजिबात नको. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग मागं काय पडलं?’

दुसरी_फेरी: वरच्याला +१. टीमवर्कच्या प्रश्नाला ‘स्टार’ पद्धत धरा: परिस्थिती, जबाबदारी, कृती, निष्पत्ती. एकूण दीड-दोन मिनिटं. परिस्थितीला दोन वाक्यं पुरेत, अर्ध्याहून जास्त वेळ कृतीला. घोटाळा इथंच होतो: प्रोजेक्टचं पुराण सांगण्यात मिनिट जातं आणि ‘मग आम्ही ते सोडवलं’ वर उत्तर आटोपतं. ‘आम्ही’ फार झालं की ‘त्यात तुमचं काय?’ हे येतंच. टीमचं काम सांगताना ‘आम्ही’, स्वतःचं पाऊल सांगताना ‘मी’.

मतभेद कामावरचाच निवडा (पद्धत, क्रम, मुदत). स्वभावावरचा काढलात तर कितीही जपून बोला, चुगलीसारखंच वाटतं. ‘माझं सगळ्यांशी पटतं’ हेही नको, ते कुणाला खरं वाटत नाही.

नवी_उमेदवार: पण वादात शेवटी समोरच्याचंच खरं ठरलं असेल तर? तो प्रसंग सांगावा का?

दुसरी_फेरी: जरूर. फक्त मत कशामुळं बदललं ते नेमकं हवं. ‘चाचणीचे दोन दिवस वाचवावेत असं माझं म्हणणं होतं. त्यांनी आधीच्या चुकांची यादी दाखवली, त्यातल्या बऱ्याचशा चाचणीतच सापडल्या होत्या. मग मी वेळापत्रक बदललं.’ एवढं पुरतं. ‘मग मी ऐकून घेतलं’ एवढंच म्हटलंत तर माघार वाटते.

फाईलवाला: एक राहिलं. ‘उशिरापर्यंत थांबायची तयारी आहे का?’ याला नुसतं हो म्हणालात तर तेच रोजचं होऊन बसतं, आणि नुसतं नाही म्हणालात तर विषयच संपतो. ‘मुदतीच्या आठवड्यात थांबेन. अशी गर्दी वर्षातून किती वेळा होते, आणि किती दिवस टिकते?’ असं विचारा. आकडा न देता ‘इथं सगळे एका कुटुंबासारखे आहेत’ असं उत्तर आलं, तर काय ते समजून घ्या.