मिरजेच्या वाद्यकारागिरांची यादी करायची आहे: मेटासर्च बसवू की डिरेक्टरी?

कृष्णाकाठ (सांगली)

मिरजेतले सतार-तंबोरा करणारे कारागीर, सांगलीतले हळदीचे अडते आणि तासगाव भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, यांचे पत्ते-फोन एका जागी मिळतील अशी साइट करतोय. एक मित्र म्हणतो, डेटा गोळा करत बसू नको, सर्क्सएनजी हे मेटासर्चचं सॉफ्टवेअर बसव, सगळीकडून ओढून आणतं. दुसरा म्हणतो, डिरेक्टरीच कर. दोन्हींच्या पोटात नेमकं काय चालतं? २ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) आहे, पायथन बऱ्यापैकी येतं.

चारभिंती (सातारा)

मेटासर्चकडे स्वतःचा इंडेक्स (वेबपानांची साठवलेली सूची) नसतो, हे आधी डोक्यात बसवा. १९९५ चं मेटाक्रॉलर असो की आजचं सर्क्सएनजी, काम तेच: तुमचा प्रश्न पाच-सहा इंजिनांकडे एकदम धाडायचा, ठराविक वेळ थांबायचं (सर्क्सएनजीत मुळात ३ सेकंद), तेवढ्यात आलेल्या उत्तरांची मोट बांधायची. उशिरा उत्तर देणारं इंजिन त्या फेरीतून बाद. तोच शब्द पुन्हा शोधला की क्रम बदललेला दिसतो, त्याचं हे एक कारण.

मोट बांधताना आधी दुबार पानं एक करतात: एचटीटीपी की एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, असले फरक सोडून पत्ते जुळवायचे. मग गुण. सर्क्सएनजीचा हिशोब असा: १ भागिले त्या इंजिनातला क्रमांक, सगळ्यांची बेरीज, आणि तिला पान जितक्या इंजिनांत सापडलं त्या आकड्याने गुणायचं. एकाच इंजिनात पहिलं आलेलं पान म्हणजे १ गुण. दुसरं पान कुठेच पहिलं नाही, पण एकीकडे दुसरं आणि दुसरीकडे तिसरं आलं, तर ०.५० अधिक ०.३३, गुणिले २, म्हणजे सुमारे १.६७. हे वर जाणार. इंजिनाला वजन दिलं असेल तर तेही गुणलं जातं.

फसगत इथेच होते. डकडकगोचे साधे वेब-निकाल मुख्यतः बिंगकडून येतात. दोन्ही चालू ठेवली तर एकाच मतदाराने दोनदा शिक्का मारल्यासारखं होतं. एका मुळाचं एकच इंजिन ठेवा.

दुसरी कटकट ब्लॉक होण्याची. व्हीपीएसचा आयपी डेटा सेंटरचा असतो, वर्दळ जरा वाढली की समोरून कॅप्चा किंवा ४२९ ('फार विनंत्या झाल्या' असा नकार) यायला लागतो. सर्क्सएनजी ते इंजिन काही काळ बाजूला ठेवतं आणि निकाल गुपचूप पातळ होत जातात. पैसे भरून बिंगचं सर्च एपीआय (प्रोग्रामने थेट निकाल मागायची सोय) घ्यावं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने ते ११ ऑगस्ट २०२५ ला बंद केलं.

आणि जो कारागीर नेटवर कुठेच नाही, तो यातही सापडणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मिरज_जंक्शन

डिरेक्टरीत नोंद तुमची आणि माणसाने तपासलेली. याहूची डिरेक्टरी (१९९४) आणि डीमॉझ (१९९८) अशाच, वर्गवारी माणसं करायची. अख्ख्या वेबला ते हात पुरे पडले नाहीत, पहिली २०१४ च्या अखेरीस आणि दुसरी मार्च २०१७ मध्ये बंद झाली. तुमचा आवाका एका जिल्ह्याचा आहे, इथे हाताने तपासणं जमतं.

टेबल तीन लागतील: नोंदी, वर्ग, आणि त्यांची जोडणी, कारण एकच अडत्या हळद आणि बेदाणा दोन्ही बघतो. नोंदीत नाव, गल्ली, पिन (मिरज ४१६४१०, सांगली ४१६४१६), फोन, अक्षांश-रेखांश आणि 'शेवटचं कधी तपासलं' ती तारीख. ही तारीख नसेल तर यादी कुजते आणि कुजलेली कळतही नाही. सहा महिने न तपासलेली नोंद खाली ढकला, वर्ष झालं की झाका. पुसू मात्र नका, नाहीतर कुणीतरी तीच बंद पडलेली नोंद नव्याने भरणार.

दुबार नोंद नावावरून पकडायला जाऊ नका. मिरजेत सतारमेकर नावाच्या पाट्या किती, ते माहीत असेलच. दोन वेगळी घरं एक करून टाकाल. फोन धरा: मोकळ्या जागा, सुरुवातीचा शून्य, +९१ काढून शेवटचे दहा अंक. सातच अंक दिसले तर लँडलाइन आहे, आधी २३३ (सांगली-मिरजेचा एसटीडी कोड) लावा, दहा होतात. फोन जुळतो पण गल्ली जुळत नाही, अशा नोंदी आपोआप जोडू नका, बाजूला काढून हाताने बघा.

मराठी शोधात हमखास नडणारी गोष्ट म्हणजे 'व्यापाऱ्या'तला अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह). पडद्यावर सारखेच, आतले बाइट वेगळे, म्हणून नोंद असूनही निकाल शून्य. युनिकोडचं एनएफसी (अक्षरं एकाच ठरलेल्या रूपात आणणं) केल्यानेही हे दोन एक होत नाहीत. आधी दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्यात रूपांतर करा, मगच उरलेले झेडडब्ल्यूजे काढा. क्रम उलटा झाला तर रफार चढतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे सह्याद्रीचा थेट समुद्र. नोंद साठवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळी हेच फंक्शन चालवा. सतार-सितार, तंबोरा-तानपुरा, बेदाणा-किसमिस अशा जोड्यांचं टेबल वेगळं ठेवा.

हळदपेव

दुसऱ्याच्या डिरेक्टरीतून नोंदी खरवडू नका, बहुतेकांच्या अटींत ते बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेता येतात, पण श्रेय द्यावं लागतं आणि त्यावरून बनवलेला डेटाबेस जाहीर केलात तर तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो.

कृष्णाकाठ (सांगली)

मग सर्क्सएनजीचा नाद सोडू?

चारभिंती (सातारा)

सोडू नका, दुय्यम ठेवा. डिरेक्टरीला जेएसऑनमध्ये (प्रोग्रामला वाचता येणाऱ्या मांडणीत) उत्तर देणारा एक पत्ता द्या आणि सर्क्सएनजीत तो जेएसऑन इंजिन म्हणून जोडा, वजन ३. तुमच्याकडची पहिली नोंद ३ गुण घेऊन वरच्या १.६७ ला मागे टाकते, बाहेरचं बरंचसं खाली. उलट दिशेने, साइटवरून सर्क्सएनजीला जेएसऑन मागितलं आणि ४०३ ('परवानगी नाही') आलं, तर आधी सेटिंग्ज बघा: फॉरमॅटच्या यादीत मुळात फक्त एचटीएमएल असतं, जेएसऑन आपण घालायचं आणि सर्क्सएनजी रीस्टार्ट करायचं.