स्टीलची काडतुसं: काटकसर की कद्रूपणा?

खटका: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "सरावाला स्टीलची काडतुसं वापरणारा माणूस आपल्याच रायफलीचा खून करतो." वाचून डोकं उठलं. महिन्याला हजार बार काढून बघा, मग पितळी पुंगळ्यांच्या गप्पा मारा. एके-४७च्या ७.६२×३९ काडतुसाची पुंगळी (दारू भरायचं नळकांडं) चांगली निमुळती असते, चेंबरमधून, म्हणजे बॅरलमागच्या तिच्या खोबणीतून, सुटसुटीत बाहेर येते. कित्येक दशकं रशियासारख्या देशांच्या फौजांनी स्टीलच झाडलंय. कागदाला भोकं पाडायला पितळेचा थाट कशाला?

पितळप्रेमी: ते महाशय मीच. निमुळतेपणाचं कौतुक ७.६२पुरतं ठेवा. एआर-१५ रायफलीच्या .२२३ काडतुसाची पुंगळी जवळपास सरळ. स्टील पितळेसारखं फुगून चेंबरला घट्ट बसत नाही, काजळी मागे येते, आणि मग पुंगळी अडकते. माझी अडकली तेव्हा रॉडने ठोकून ठोकून हात भरून आले. पुंगळी ओढून काढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, गेला तो वेगळाच.

धूळभेट: स्टीलच्या पुंगळीवर गंज चढू नये म्हणून लावलेलं लॅकर वितळून चिकटतं ना ते?

खटका: झालं, आली लॅकरची भाकडकथा! काही वितळत नाही. स्टील झाडून चेंबर न पुसता पितळी भरलीत, की ती फुगून काजळीत रुतते. शिव्या मात्र लॅकरला. पितळप्रेमी, ब्रश शेवटचा कधी फिरवला होता?

पितळप्रेमी: माझ्या ब्रशची चौकशी नको. २०१३ची ती 'लकी गनर'ची चाचणी आठवा, .२२३च्या प्रत्येक रायफलीतून दहा-दहा हजार बार काढायची. स्टीलवाल्या रायफलींच्या बॅरलांची निम्म्या वाटेतच वाट लागली होती.

सावकाश: ती वाट पुंगळीने नाही लावली हो. गोळीवरच्या बायमेटल (दोन धातूंच्या) जॅकेटने, म्हणजे बाहेरच्या आवरणाने लावली, वर तांब्याचा नुसता मुलामा आणि आत स्टील. शिवाय बॅरल तापवत भराभर झाडलं होतं. तेवढ्या बारांत वाचलेल्या पैशांत नवी बॅरल येते, हेही त्याच हिशेबात निघालं होतं.

धूळभेट: पण रेंजवर घेऊ कुठे देतात? आमच्या रेंजवर गोळीला लोहचुंबक लावतात. जॅकेट स्टीलचं की आतला गाभा, चुंबकाला काय कळणार? चिकटली की परत. ठिणग्यांचं कारण सांगतात. खरं दुखणं वेगळंच, पितळ भंगारात विकलं जातं, स्टीलला कोण विचारतो!

पितळप्रेमी: भंगाराचं सोडा, शेजारच्या लेनवाल्यांचं बोला! मी रीलोडिंगसाठी, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरायला, मोजून पन्नास झाडतो, वाकून उचलतो तर एकेचाळीस. विचारलं तर म्हणे, "जमिनीवर पडलं ते सगळ्यांचं."

सावकाश: तुमची घरंगळून त्यांच्या लेनमध्ये गेली असतील.

पितळप्रेमी: नऊच्या नऊ? पाय फुटले होते का त्यांना?

खटका: बघा, स्टीलची हीच तर मजा. बुडाशी बर्डन प्राइमर (ठिणगी पाडणारी टोपी, जी काढून बदलणं कटकटीचं), म्हणून रीलोडिंगच्या भानगडीत कोणी पडत नाही, चोरायलाही कोणी वाकत नाही.

पितळप्रेमी: फार हुशार. बरं, ७.६२मध्ये झाडा स्टील, तेवढं दिलं तुम्हाला. .२२३मध्ये माझ्यासमोर झाडू नका.

खटका: उपकार झाले! पुढच्या खेपेला मी शेजारच्या लेनमध्ये उभा राहतो. पन्नासच्या पन्नास घरी न्याल.

पितळप्रेमी: आणि ती नऊ?

धूळभेट: ...मी फक्त चारच उचलली होती.