केमिकल फॉर्म्युला नवा निघाला की झालं नवं खनिज?

वर कोणीतरी म्हटलंय की फॉर्म्युला वेगळा निघाला की नवं खनिज, ते अर्धंच बरोबर आहे. आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार खनिज कॅव्हन्साइट घ्या (मूळ शोध मात्र अमेरिकेतल्या ओरेगनचा, १९७३ साली पेपर आला, वाघोलीचे नमुने नंतरचे), त्याच पेपरात पेंटागोनाइट हे खनिज पण नवं म्हणून दिलंय आणि दोघांचा फॉर्म्युला सेम टू सेम, कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट, पाणी सगळं तेवढंच! फरक कळला तो एक्स-रे डिफ्रॅक्शनने (स्फटिकावर एक्स-रे टाकून आतली अणूंची मांडणी शोधायची पद्धत), कॅव्हन्साइटच्या थरात सिलिकेटचे गट चार-चार आणि आठ-आठच्या कड्यांत (रिंगांत) जोडलेले आहेत, पेंटागोनाइटमध्ये सहा-सहाच्या. म्हणून स्ट्रक्चर सोडवणं, म्हणजे ही अणूंची मांडणी शोधून काढणं, हा नुसता सोपस्कार नाही, नुसत्या केमिकल अ‍ॅनालिसिसवर ही दोन एकच धरली गेली असती.