बाबांचे रिपोर्ट ठाण्याहून वाशीला न्यायचे आहेत, काय करता तुम्ही?

घोडबंदरकर:
बाबा ७४ वर्षांचे. अँजिओप्लास्टी ठाण्यात झाली, किडनीचे डॉक्टर वाशीला. परवा त्यांनी क्रिएटिनिनचे (किडनीच्या रक्ततपासणीचे) जुने आकडे मागितले. ठाण्याच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे, पण आमच्या हातात फिकट झेरॉक्स. १.३ की १.८, कुणालाच वाचता येईना! शेवटी सगळ्या तपासण्या नव्याने. शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलं हो. आभा कार्ड, म्हणजे ते सरकारी डिजिटल आरोग्य खातं, काढलं तर हे थांबेल का?

कोपरखैरणे_आयटी:
हॉस्पिटलच्या आयटीत अकरा वर्षं आहे. आभा काढाच, पण १४ आकडी नंबर म्हणजे रिपोर्ट नव्हेत. रिपोर्ट हॉस्पिटलकडेच राहतात, तुम्ही संमती दिलीत की दुसरीकडे दिसतात. त्यासाठी दोन्हीकडची सॉफ्टवेअर जोडलेली हवीत. खाजगी हॉस्पिटलांवर सक्ती नाही, त्यामुळे क्यूआर स्कॅन करून केसपेपर निघाला की बरेच जण तिथेच थांबतात. रिसेप्शनवर "आभा चालतं का" विचारू नका, हो म्हणतील. "डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट आभाला लिंक करता का? आणि बाहेरचे रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना उघडता येतात का?" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणणारे मला फार कमी भेटलेत.
आणखी एक गोष्ट मनाला लागते. देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर हे मानक ठरलंय, आम्ही फायर म्हणतो. पण त्यात नुसती पीडीएफ घालूनही पाठवता येते. म्हणजे रिपोर्ट पोचतो, पण क्रिएटिनिनचा आकडा सुटा मिळत नाही, तीन वर्षांचा आलेख निघत नाही. भारताची ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची) मानकं २०१३ ची, २०१६ ला सुधारली. त्यात तपासण्यांना ठरलेले कोड आहेत. ते न वापरता प्रत्येक लॅब आपापल्या नावाने तपासणी लिहिते.

सीटीवाली_ठाणे:
सीटी, एमआरआयची फिल्म पुरत नाही, डायकॉममधली (स्कॅनची चित्रं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीतली) सीडी मागून घ्या. हे मानक जुनं आणि सगळीकडे रुळलेलं, वाशीलाही उघडेल. अँजिओग्राफीचीही सीडी असते, ती आधी मिळवा. रक्ताच्या रिपोर्टसाठी थेट लॅबला फोन करा, मूळ पीडीएफ त्यांच्याकडे असते.

घोडबंदरकर:
ताई, लॅबने मेल केला. १.३ होतं. सीडीसाठी उद्या सकाळी जातोय.