पोलिसांच्या हाती युद्धाची सामग्री: गावाला त्यातून काय मिळते?

सत्तरीकर (धागालेखक)

अमेरिकेत १९९७ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यातील १०३३ क्रमांकाच्या कलमान्वये सैन्याकडची जादा सामग्री स्थानिक पोलिसांना मिळू लागली, आणि सुरुंगांपासून बचावासाठी बांधलेली चिलखती वाहने पुढे लहान शहरांच्या रस्त्यांवरही दिसू लागली. त्या योजनेतील एक अट मला सर्वांत चिंताजनक वाटते, ती म्हणजे मिळालेली वस्तू एका वर्षाच्या आत वापरात आणण्याची. जिथे सुरुंग पेरलेलेच नाहीत, तिथे असे वाहन कशासाठी बाहेर काढणार? अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी आठशेहून अधिक मोहिमा तपासल्या, तेव्हा विशेष सशस्त्र पथके सुमारे ७९ टक्के वेळा केवळ झडतीचे वॉरंट बजावण्यासाठी गेली होती असे आढळले; ओलीस सोडवणे किंवा दडून बसलेल्या बंदूकधाऱ्याला पकडणे यांसारखे प्रसंग सुमारे ७ टक्केच होते. साधन हाताशी आले की त्यासाठी काम शोधले जाते, असा याचा अर्थ मी लावतो.

आपल्याकडे गोव्यात चिलखती गाड्या फिरत नाहीत, हे मान्य आहे. परंतु जानेवारी २०२१ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीत आयआयटीसाठीच्या जमिनीच्या आखणीवरून जे घडले, ते आठवावे. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली, आणि काही दिवसांतच सरकारने तो प्रकल्प तिथून हलवण्याचे जाहीर केले. जो निर्णय अखेर बोलण्यानेच व्हायचा होता, त्याच्या वाटेत इतका फौजफाटा का यावा?

फोंडेकर

आपली कळकळ मी समजतो, पण मांडणी एकांगी वाटते. माझे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे वर्दीतल्या माणसाच्या जिवाची काळजी मी घरात पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर काही पोलिसांकडे जुन्या .३०३ रायफली होत्या आणि काहींच्या हाती नुसत्या लाठ्या. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांच्या शौर्यापुढे आपण सगळेच नतमस्तक आहोत, परंतु शिपायाने उघड्या छातीने गोळ्या झेलाव्यात अशी व्यवस्था आपण चालवून घ्यावी काय? राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीहून पोहोचेपर्यंत सकाळ झाली होती. महाराष्ट्राने त्यानंतर फोर्स वन हे कमांडो पथक उभारले, ते याच अनुभवातून. गोव्याला लांब किनारा आहे, परदेशी पाहुणे आहेत, मोठ्या आंतरराष्ट्रीय बैठका इथे होतात. आपण कुणाची वाट पाहत बसायचे?

अमेरिकेचेच उदाहरण घ्यायचे तर फेब्रुवारी १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दरोडेखोरांच्या चिलखतांना पोलिसांच्या पिस्तुलांच्या गोळ्या भेदेनात, तेव्हा जवळच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या होत्या.

पेडणेकर

फोंडेकरांचा मुद्दा दहशतवादी हल्ल्यापुरता पटतो. पण आमच्या पेडण्यात पत्रादेवीचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी तिथे गोळ्या झाडल्या. त्या राजवटीला जनता म्हणजे शत्रूच वाटत होती. भारतातला १८६१ चा पोलीस कायदाही सत्तावनच्या उठावानंतर, लोकांना धाकात ठेवण्यासाठी आला. अशा वारशावर नवी हत्यारे चढवताना दुप्पट सावध राहायला हवे, असे मला वाटते.

सत्तरीकर

फोंडेकर, आपल्या वडिलांसारख्या माणसाला बुलेटप्रूफ जाकीट मिळू नये असे मी कधीच म्हणणार नाही. जाकीट माणसाला वाचवते. ते घातल्याने समोरचा शत्रू ठरत नाही. माझा आक्षेप रोजच्या कामात सैनिकी पथके उतरवण्याला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे जोनाथन मम्मोलो यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अशा पथकांमुळे गुन्हे घटल्याचे किंवा पोलीस अधिक सुरक्षित झाल्याचे आढळले नाही, उलट लोकांच्या मनातली पोलिसांची प्रतिमा मात्र खालावू शकते असे दिसले. किनारपट्टीवरच्या अमली पदार्थांच्या धंद्याचा विचार करा. त्याची पहिली कुणकूण शेजारच्या दुकानदाराला किंवा खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईला लागते. ती बाई ओळखीच्या हवालदाराला बाजूला घेऊन दोन शब्द सांगेल. हेल्मेट, ढाल आणि रायफल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी तुकडीला ती काय सांगणार?

फोंडेकर

या बाईचे उदाहरण मला अडवते, हे प्रामाणिकपणे सांगतो. वडील म्हणत, अर्धा तपास चहाच्या गाड्यावर होतो. तरीही प्रशिक्षित सशस्त्र पथक राज्यात असलेच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. ते पथक जमिनीच्या आखणीला किंवा मोर्चाला पाठवू नये, एवढे मी मान्य करतो. पाठवायचेच झाले, तर आदेश कुणी दिला याची लेखी नोंद असावी आणि ती राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला मागता यावी. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ सालीच अशी प्राधिकरणे नेमायला सांगितले आहे.

सत्तरीकर

लेखी नोंदीचे मान्य. फक्त ती नोंद कुणी मागेपर्यंत दप्तरात पडून राहू नये. ज्या गावात पथक उतरले, त्या गावच्या पुढच्याच ग्रामसभेत ती वाचून दाखवावी.