माकुल (स्क्विड) महाग म्हणून मच्छीमार लुटारू?

लिस्बनवासी: म्युनिककर काल लिहून गेले, "स्पेनच्या व्हिगो बंदरात माकुल स्वस्त, जर्मनीत दुप्पट. मच्छीमार आणि दलाल मिळून लुटतात." वाचून डोकं फिरलं. व्हिगोतलं स्वस्त माकुल बहुतेक दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांच्या समुद्रातलं, बोटीवरच गोठवलेलं. तिथल्या मासेमारीत स्पॅनिश कंपन्यांची भागीदारी आहे, माल थेट व्हिगोत उतरतो. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, त्यावर आयातशुल्क बसलं, तरी त्याची बरोबरी गॅलिसियातल्या, म्हणजे व्हिगोच्याच प्रांतातल्या, छोट्या होडीवर रात्रभर जागून गळाने एकेक काढलेल्या माकुलाशी कशी होईल? त्यात हा जीव जेमतेम वर्षभराचा, अंडी घातली की मेला. एका हंगामात रेलचेल, पुढच्या हंगामात काही नाही. भाव वरखाली होणारच.

म्युनिककर: मासळीवर व्हॅट स्पेनमध्ये 10 टक्के, आमच्याकडे 7. कर कमी आणि भाव जास्त, मग मधले पैसे कोण खातं? वर पाकिटात निम्मा बर्फ!

अ‍ॅबरडीनची मालवणी: बर्फाचा थर वगळून निव्वळ वजन छापायचा कायदा आहे, तक्रार करा. आमचं दुःख वेगळंच. स्कॉटलंडच्या मोरे फर्थ खाडीत उन्हाळ्याअखेरीस माकुल येतं आणि बरंचसं स्पेन-इटलीला रवाना होतं. बंदर दारात, पण दुकानात मिळेल तर शपथ!

मिरकरवाडा (रत्नागिरी): भारतातूनही गोठवलेलं माकुल तिकडे येतं, त्याचं कोणीच बोलत नाही. केंद्राने 2017 साली एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. माकुल उजेडाकडे धावतं. काका होडी घेऊन जातात, डिझेलचेही पैसे सुटत नाहीत.

म्युनिककर: अर्जेंटिनाच्या हद्दीबाहेर माकुलाच्या बोटींचे दिवे उपग्रहातून दिसतात. दिवा सगळीकडेच लावतात की.

मिरकरवाडा: तिथे दिव्याखाली गळ असतो, इथे पर्ससीन, म्हणजे अख्ख्या थव्याला घेरणारं वेढा जाळं! पिल्लांसकट सगळं उचलतात. दर्यावर गेला नसाल तर गप्प बसा.

म्युनिककर: ही भाषा नको. मी वेंगुर्ल्याचा, आजोबा रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, होते.

मिरकरवाडा: मग मच्छीमाराला लुटारू म्हणताना जीभ कशी रेटली?

म्युनिककर: बरं, मच्छीमाराचं नाव काढतो. दलालाचं नाही. लिलावात होडीवाल्याला किती मिळाले ते पाकिटावर छापा, मग बोलू.

लिस्बनवासी: ते कोणी छापणार नाही. कुठल्या समुद्रातलं आणि कशाने पकडलं, एवढं मात्र युरोपात छापावंच लागतं. पीठ लावून तळलेल्या माकुलाच्या रिंगांना त्यातूनही सूट.

मिरकरवाडा: "वेढा जाळं" लिहिलं की सुटले. दिवा लावला होता का, हे कुठे विचारतात?