पन्हाळेकाजीच्या लेण्यांतल्या नाथमठाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीला परवा चौथ्यांदा जाऊन आलो. कोटजाई नदीच्या खोऱ्यात, झाडीत दडलेली ही 29 लेणी. सुरुवातीला इथे हीनयान या जुन्या बौद्ध पंथाच्या भिक्षूंचा विहार होता. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास वज्रयान हा तांत्रिक बौद्ध पंथ आला, दहाव्या लेण्यातली महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती त्याच काळातली. मग कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या अमलात शिव आणि गणपती आले. शिलाहार राजा अपरादित्याने आपला मुलगा विक्रमादित्य याला इथे, म्हणजे तेव्हाच्या प्रणालक नगरात, कारभार दिला, हे 1139 च्या ताम्रपटावरून कळतं. शेवटी नाथपंथी आले.

मला अडतंय ते या शेवटच्या टप्प्यावर. 29 व्या, म्हणजे गौरलेण्यात 84 सिद्ध, म्हणजे नाथपंथात मानलेले सिद्धपुरुष, कोरलेत. पण दगड इतका झिजलाय की मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ सोडले तर बाकीचे ओळखू येत नाहीत. कुणी ते ओळखण्याचा प्रयत्न केला आहे का? पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे जवळून काढलेले फोटो कुणाकडे असतील तर फार उपयोग होईल.

दुसरं म्हणजे, दापोली-खेड भागात कुणाच्या घरी नाथजोग्यांना दिलेल्या इनामाचे मोडीतले कागद आहेत का? किंवा आजीकडून ऐकलेली एखादी हकीकत? पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ चढतं, दरवर्षी एखादी रेषा पुसट होते. म्हणून घाई आहे.